उकंडाच्या रेघेतली माणसं

ढाणकी, ता. उमरखेड
९ जानेवारी २०२५

भाऊजी,
सप्रेम जयभीम.

हे पत्र मथुरावहिनीचं आहे. नाव वाचून लगेच फाडू नका, एवढंच म्हणते. पत्ता तुमच्या प्रियंकाकडून मिळाला. ती आणि आमच्या प्रफुल्लची मैत्रेयी, दोघी फोनवर बोलत असतात. तुम्हाला माहीत नसेल, आता झालं. पोरींवर रागावू नका. तुम्ही फोन उचलत नाही म्हणून मी कागद घेतला.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. तुम्ही तेव्हा मॅट्रिकला होता. मी भाकरी थापायची आणि तुम्ही चुलीपाशी पाटी धरून बसायचे. म्हणायचे, "वहिनी, बोलनं घरचं असू द्या, पन लिवनं पुस्तकातलं पायजे." म्हणून पुस्तकातलं लिहिते. मधेच मले-तुले आलं तर समजून घ्या, मास्तर दूर गेल्यावर असंच होतं.

तुमच्या दादांची तब्येत बरी आहे. उजवा हात तेवढा कापतो. नांदेडच्या डॉक्टरनं कंपवात सांगितला, गोळ्या चालू आहेत. चहाचा कप बशीत वाजतो म्हणून आता स्टीलच्या गिलासात देते. चारचौघांत बसले की डाव्या हातानं उजवा हात धरून ठेवतात, दुसऱ्याचं लेकरू सांभाळायला दिल्यासारखा. टाक-शाई फळीवर आहे. तिकडे पाहत नाहीत. तुमचं नावही काढत नाहीत, तेव्हा त्यांनी लिहायला लावलं असं समजू नका.

लिहायचं कारण वेगळं आहे. मैत्रेयी नागपूरला चित्रकलेच्या कॉलेजात शिकते. त्यांच्या बाईंनी सांगितलं, मासिकासाठी चित्रं काढणाऱ्या एखाद्या जुन्या माणसावर लिहा. ही म्हणाली, माझे आजोबाच काढायचे. बाई म्हणाल्या, दाखव. आता घरात काय आहे? अर्धे अंक वाळवीनं खाल्ले, उरलेले मागच्या पडवीतल्या गळक्या कोपऱ्यात भिजले. मग ही पोर पुसद, यवतमाळ, अमरावती, नागपूर, जिथे जिथे जुनं वाचनालय आहे तिथे गेली आणि 'पळसफूल' साप्ताहिकाचे अंक काढून काढून फोटो घेऊन आली. आता ते मोठे छापून चौदा एप्रिलला आपल्या विहाराच्या हॉलमध्ये लावणार आहे.

या, असं मी म्हणत नाही. कळवलं. चाळीसच्या वर वर्षं झाली, एवढं कळवायला हरकत नसावी.

तुमची वहिनी,
मथुरा


ढाणकी
२७ जानेवारी २०२५

भाऊजी,
जयभीम.

पत्र परत आलं नाही म्हणजे पोचलं. प्रियंका म्हणाली, बाबांनी ते पेपरच्या घडीत ठेवलं आहे आणि पेपर रद्दीत टाकू देत नाहीत. म्हणून दुसरं लिहिते.

रद्दीवरून आठवलं. तुमच्या दादांची शाळा रद्दीचीच. सातवीनंतर ते जिनिंगमध्ये लागले, कापसाच्या गठाणींवर मार्का रंगवायला. तुम्ही लहान होता, पण रंगानं भरलेली त्यांची नखं तुम्हाला आठवत असतील. तेव्हा किराण्याच्या दुकानात साखर, चहापत्ती छापील कागदाच्या पुड्यात यायची. घरी पुडा सुटला की आई साखर डब्यात ओतायच्या आणि कागद हे घेऊन बसायचे. त्यावर एखादं चित्र निघालं तर त्या दिवशी जेवणाची आठवण नाही.

मग एक हंगाम ते पांढरकवड्याला गेले, हैदराबादच्या रस्त्यावर ट्रकांच्या फळ्या रंगवायला. मोर, कमळ, 'फिर मिलेंगे'. तिथल्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना ते पुस्तक मिळालं. पुट्ठे गेलेलं, कोण्या मिशनच्या डॉक्टरच्या घरातून निघालेलं अमेरिकेचं जुनं मासिक, वर्षाचे अंक एकत्र शिवलेले. शंभर वर्षांच्या आधीचं. त्यात फोटो नाहीत, सगळी चित्रं रेघांची. बर्फात अडकलेली घोडागाडी, दूध काढणारी बाई, कोर्टात उभा चोर. इंग्रजी तर यांना येत नव्हतं. त्यामुळे गोष्ट काय आहे ते कळायचं नाही, फक्त रेघ कळायची. आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी त्यांनी मला काय दाखवलं असेल तर ते पुस्तक. म्हणाले, "हे पाय, सावली म्हंजे काळा रंग नाही. सावली म्हंजे रेघायची गर्दी."

मला काय कळणार. पण एक गोष्ट त्यांनी दाखवली ती मला तेव्हाच कळली. बोट ठेवून म्हणाले, "ही रानी पाय. आता हे पान पलट. ही कोळीन. आन् हे, मेलेल्या पोराची माय. बाई एकच आहे. नाक पाय, हनुवटी पाय. ही त्या चित्रवाल्याच्या घरची कोनी तरी आहे. बहीन नाही तं बायको. त्यानं हिले घरी बसवली आन् रानी केली."

ही गोष्ट लक्षात ठेवा भाऊजी, पुढे लागेल.

परवा मैत्रेयीनं त्या चित्रांच्या कोपऱ्यातल्या सहीवरून फोनमध्ये शोधलं. तो माणूस घोड्यांना नाल मारणाऱ्याचा मुलगा निघाला. कोणत्या शाळेत चित्र शिकला नाही. मासिकांना चित्रं पाठवत राहिला, परत येत राहिली, मग एक दिवस एक ठेवून घेतलं. पुढे वीस-बावीस वर्षं त्याच मासिकात. आणि शेजारपाजारचे लोकच समोर बसवायचा. तुमच्या दादांना हे वाचून दाखवलं तर कितीतरी दिवसांनी हसले. म्हणाले, "मले माहीतच होतं. त्या सगळ्या रान्या त्याच्या गल्लीतल्या."

यांचंही तसंच झालं की. 'पळसफूल'ला पाठवलेली चित्रं किती वेळा परत आली, हे तुम्ही पाहिलंय. तुम्हीच पाकिटावर पत्ता लिहून द्यायचे, यांचं अक्षर वाकडं म्हणून. ज्या दिवशी एक चित्र छापून आलं त्या दिवशी तुम्ही अंक डोक्यावर धरून वस्तीभर फिरला होता. बाबा म्हणाले, "नाव कुठं आहे?" खाली बारीक अक्षरात होतं: उकंडा.

संपादकांनी नंतर एकदा लिहिलं होतं, नाव बदला, 'उदय' करा, अंकात शोभत नाही. तुम्ही दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी जन्मलात म्हणून धम्मरत्न. हे आधीचे. वरची दोन लेकरं गेली म्हणून आईंनी यांना उकिरड्यावर लोळवून घेतलं आणि उकंडा ठेवलं. नाव बदललं नाही यांनी. म्हणाले, "मायनं लोळवून जे नाव ठेवलं, तेच पुसू का?"

आज इतकंच. हरभऱ्याचे घाटे सोलायचे आहेत.

मथुरा


ढाणकी
१६ फेब्रुवारी २०२५

भाऊजी,

आज जयभीमनंतर सरळ मुद्द्यावर येते, कारण मैत्रेयीनं छापलेली पहिली चित्रं घरी आली आहेत आणि ओट्यावर पसरून ठेवली आहेत, आणि ती पाहून मला राहवत नाही.

तुम्ही घरी शेवटचे आलात ते नामांतराचे दिवस होते. तुम्ही औरंगाबादच्या कॉलेजातून वाढलेली दाढी घेऊन आलात, पायात चप्पल नव्हती. तिकडे वस्त्या जळाल्या होत्या, तुमच्या मित्राचं घर गेलं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी तुमचे दादा दिवाळी अंकाचं चित्र काढत बसले होते. पुण्याच्या कोण्या मोठ्या घरची गोष्ट होती. दिवाणखाना, समई, समईपाशी उभी घरची सून.

तुम्ही मागून येऊन पाहिलं. तुमचे शब्द मला पाठ आहेत.

"आपले लोक जळून राह्यले दादा, आन् तू त्यायच्या समया पेटवून राह्यला? इतकी वर्षं झाली. तुह्या एका तरी चित्रात आपला मानूस आहे का? एक तरी?"

यांनी टाक पुसून ठेवला. तुम्ही पिशवी उचलली. आई मागे धावल्या, रस्त्यापर्यंत गेल्या. बस सुटेपर्यंत तुम्ही खिडकीतून बाहेर पाहिलं नाही, असं त्या मरेपर्यंत सांगायच्या.

आता मी सांगते. समईपाशी उभी ती सून मी होते.

मी चुलीपाशी होते, तुमच्यापासून चार हातांवर. चित्र तुमच्या समोर आणि मी तुमच्या मागे. तुम्ही मला ओळखलं नाहीत. मला तुमचा राग आला तो भांडणाचा नाही, याचा. अजून आहे.

भाऊजी, सगळीच आपली माणसं होती. पहिल्यापासून. हे गोष्ट वाचायचे, दोन-तीनदा वाचायचे, मग वस्तीत फेरी मारायचे. अमक्या गोष्टीत न्यायाधीश आहे. न्यायाधीश कोण? बाबा. ज्या माणसानं जन्मभर गावाच्या वेशीवर येसकराची काठी खांद्यावर वागवली, उमरखेडच्या कोर्टात कधी गेले तर पायरीवर बसून राहिले, ते काळा डगला घालून वर बसलेले. जहागीरदारीण पाहिजे? आई. हनुवटी वर केलेली, हातात पंखा. विमलताईंना नवऱ्यानं टाकलं होतं, बालवाडी चालवायच्या. त्या दर लग्नसराईला कोण्या ना कोण्या गोष्टीत बोहल्यावर चढायच्या. तांड्यावरचा रामधन विमानाचा कप्तान. तो म्हणायचा, "उकंडाभाऊ, इमानात बसवा नाही तं आगगाडीत, पन माह्या मिशा तेवढ्या कापू नका." त्याची बायको रुपीबाई चष्मा लावून कॉलेजची प्राचार्य. आपली बंजारा घागरा-काचोळी सोडून पातळ नेसवलं म्हणून आठवडाभर यांच्याशी बोलत नव्हती, मग मुलींना नेऊन दाखवायला अंक मागून घेऊन गेली.

अंक यायचा त्या दिवशी निंबाखाली सगळे गोळा व्हायचे. गोष्ट कोणी वाचत नव्हतं. कोण सापडलं, एवढंच. पोट धरून हसायचे. आणि गावातल्या वाचनालयात तेच पान उघडून मोठ्या घरचे लोक म्हणायचे, काय खानदानी रूप आहे, असे चेहरे आता दिसत नाहीत. आम्ही पाण्याला जाताना ऐकायचो. विमलताई पदर तोंडाला लावून पळायच्या. वस्तीतल्या कोणीही बाहेर हे फोडलं नाही, लेकरांनीसुद्धा.

सोपं नव्हतं ते. एकदा चित्र परत आलं. संपादकांनी लाल शाईनं गोल केला होता, 'नायिकेच्या कपाळावर हे काय? काढावे. नाक चाफेकळी असावे.' माझं गोंदण होतं. यांच्या हातून नकळत आलं होतं. यांनी ब्लेड घेतलं आणि कागदावरून हळूहळू खरडलं. मी समोर बसले होते, आपोआप माझा हात कपाळावर गेला. हे म्हणाले, "गोंदन देलं. नाक देत नाही." नाक तसंच गेलं आणि तसंच छापून आलं.

तुम्ही गेल्यावर मी यांना विचारलं, "सांगितलं काहून नाही? एक शब्द बोलले असते तं थांबला असता." तर म्हणतात कसे, "दिसलं पायजे, मथुरा. सांगावं लागलं तं माह्याच रेघेत कमी आहे."

आणि मी म्हटलं, यांना नाही सांगायचं तर मलाही नाही. दोघं भाऊ सारखेच. तिसरी मी.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ते तुमचं नाव काढत नाहीत. ते खरं आहे. पण पोस्टमन येऊन गेला का, हे रोज विचारतात. आमच्याकडे दुसरं कोणाचं पत्र येतं?

मथुरा


ढाणकी
१२ मार्च २०२५

भाऊजी,

तुमचं कार्ड मिळालं. त्याला चार दिवस झाले.

तुम्ही लिहिलंय: 'वहिनी, चेहरा आपला आणि खाली नाव त्यांचं. पुण्यामुंबईच्या वाचकाला काय कळलं? त्याने आपल्या बापाचं तोंड पाहिलं आणि स्वतःच्या जातीचा न्यायाधीश पाहिला. याला तुम्ही काय म्हणता?'

आधी वाटलं, तुमच्या दादांना दाखवू नये. मग वाटलं, कापणाऱ्या हाताचा माणूस काही काचेचा नसतो. वाचून दाखवलं. एकदा ऐकलं, मग म्हणाले परत वाच. परत वाचलं. अंगणातल्या कोंबडीला हाकललं आणि म्हणाले, "बरोबर बोलला."

एवढंच. मला वाटलं होतं चिडतील. संध्याकाळी स्वतःहून म्हणाले, "आपन हसत होतो निंबाखाली. आपल्याले मजा येत होती. पन ती मजा आपल्याच वस्तीत राह्यली, बाहेर नाही गेली. धम्मा म्हनते ते तेच आहे."

तर घ्या, तुम्ही जिंकलात. पण तुम्ही विचारलं नाहीत ते मी सांगणार आहे. तुम्ही कुठे होता, हे तुम्ही विचारलंच नाही.

तुम्ही सगळीकडे होता भाऊजी. कॉलेजात होता तेव्हापासून. डॉक्टर, वकील, बंडखोर मुलगा, सगळं तुम्ही. तुम्ही गेल्यावर संपादकांनी एक लांबलचक कादंबरी सुरू केली, क्रमशः. नायक घर सोडून गेलेला. मला वाटलं आता हे दुसरा चेहरा घेतील. नाही घेतला. तुमचा एकच फोटो घरात होता, मॅट्रिकचा. त्यावरून काढत राहिले.

मग एक दिवस पाहते तर नायकाच्या डोळ्यावर चष्मा. म्हटलं, गोष्टीत तर चष्मा नाही. म्हणाले, "इतकं वाचते तो. लागला असनच." पुढे दोन वर्षांनी, दुसऱ्या गोष्टीत, कपाळ थोडं मोठं केलं. म्हणाले, "आपल्या बाचे केस याच वयात गेलते." प्रियंका झाली ते कोणाकडून तरी कळलं, त्या महिन्यात तुमच्या गालावर जरा मांस चढवलं. तुम्ही आईच्या मातीला आलात, दूर बाभळीखाली उभे राहिलात आणि परस्पर गेलात. हे पुढे होते, खांदा दिलेला, मागे वळून पाहता येत नव्हतं. नंतर मला विचारत होते, "पिकले का केस? कानापाशी पिकले का?" मी म्हटलं, मला काय माहीत, मी रडत होते.

असं दर साल तुम्हाला वय देत गेले. तुम्ही तिकडे मोठे होत होता आणि इथे अंकात मोठे होत होता.

मग ते दिवस आले. नागपूरला 'पळसफूल'च्या छापखान्यात फोटो छापायचं यंत्र आलं, चित्रं कमी झाली. एक दिवस संपादकांचं पत्र आलं की ही दिवाळी शेवटची. त्या शेवटच्या अंकात एका म्हाताऱ्या माणसाची गोष्ट होती. सत्तरीचा, रिटायर, ओट्यावर एकटा बसलेला. तुम्ही तेव्हा चाळिशीलाही पोचला नव्हता. तरी यांनी तुम्हालाच काढलं. मी म्हटलं, "अहो, एवढं म्हातारं कायले करता त्याले?" म्हणाले, "यापुढं अंक नाही. आत्ताच पाहून घेतो."

ते चित्र मैत्रेयीला अमरावतीच्या वाचनालयात सापडलं. आता तुम्हाला अडुसष्टावं चालू आहे. ते ओट्यावर ठेवलं आहे आणि तुमचे दादा येता-जाता त्याच्यापाशी थांबतात. जमलं की नाही, हे त्यांना सांगणारं इथे कोणी नाही.

मी या म्हणत नाही, असं आधी लिहिलं होतं. आता म्हणते.

मथुरा


ढाणकी
२० एप्रिल २०२५

भाऊजी,
सप्रेम जयभीम.

सुखरूप पोचल्याचं प्रियंकानं कळवलं. उन्हात आलात आणि त्याच दिवशी परत गेलात, अंग दुखत असेल. मी राहा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात रिझर्वेशन आहे. असू दे.

तुम्ही इथे होता, तेव्हा काय झालं ते तुम्हाला माझ्याकडून कळायला नको. पण तुम्ही बराच वेळ भिंतीकडे तोंड करून होता. तुमच्या पाठीमागे जे झालं ते तुम्हाला दिसलं नाही, ते लिहिते.

तुम्ही दारात आलात तेव्हा मिरवणूक नुकतीच विहारापाशी आली होती, पोरांचे डीजे वाजत होते, त्यामुळे तुम्ही "दादा" म्हटलेलं मला ऐकू आलं नाही, ओठ दिसले. यांनी काय म्हटलं ते ऐकू आलं. "उन्हात आला." दुसरं काही सुचलं नाही त्यांना. उठायला गेले आणि पाय लवकर उचलेना, तोवर तुम्ही भिंतीकडे वळला होता. तुम्ही डोळे लपवायला वळलात, हे मला कळलं. त्यांना कळलं नाही. ते म्हणाले, "रागात आहे अजून."

तुम्ही पहिल्या चित्रापाशी थांबून विचारलंत, "वहिनी, हे कोन?" मी म्हटलं, "बाबा. ओळखले नाही?" तुम्ही म्हणालात, "मी ओळखलं. खाली लिहिलेलं का नाही?" मैत्रेयीनं चित्रांखाली चिठ्ठ्या लावल्या होत्या, कथेचं नाव, लेखकाचं नाव, साल. तुम्ही तिच्याकडून कोरी कार्डं मागून घेतली, पेन काढला आणि लिहिलं: 'सोनबा. येसकर, ढाणकी.' पुढच्या, आईच्या चित्राखाली: 'भागीरथा. हिने दोन लेकरं पुरली आणि दोन वाढवली.' मग विचारत गेलात आणि मी सांगत गेले. कोणाचं गाव, कोणाचं काम, कोण कधी गेलं. शाळेतल्या मुलांसारखं नीट, गोल अक्षरात लिहिलंत सगळं.

तुमच्या मागे लोक जमत होते. तुम्हाला वाटलं असेल चित्रं पाहायला. ते कार्डं पाहायला होते. तांड्यावरून रामधनचा नातू ओम आला होता, कॉलेजात जाणारा. आजा त्याच्या जन्माआधी गेला. कार्ड वाचून त्यानं कप्तानाच्या चित्रापाशी फोटो काढला आणि बरोबरच्या पोरांना सांगत होता, "आमचा आजा. बैलगाडी हाकत होता, पन मिशी पाय, मिशी इमानवाल्याची." पोरं हसली, तोही हसला, मग डोळे पुसत बाहेर गेला.

विमलताईंना सुनेनं धरून आणलं होतं. आता वाकल्या आहेत, दिसत कमी. नवरीच्या चित्राखाली तुम्ही 'विमलताई, बालवाडी चालवली, शेकडो लेकरं शिकवली' असं लिहून पुढे गेला होता. मैत्रेयीनं वाचून दाखवलं. म्हणाल्या, "अजून काय लिवलं?" मैत्रेयी म्हणाली, "एवढंच आहे आजी. काय लिहायचं?" विमलताई म्हणाल्या, "ते बालवाडीचं तं सगळ्यायले माहीत आहे. नवरी लिव. दिसून राह्यली ना मी नवरी." मैत्रेयीनं लिहिलं. तुमच्या अक्षराखाली तिचं अक्षर आहे, पाहाल तेव्हा आश्चर्य करू नका.

माझ्या चित्रापाशी तुम्ही मला काही विचारलं नाहीत. मग कार्डावर लिहिलंत: 'मथुरा. मी हिला ओळखलं नाही.' भाऊजी, ते वाचल्यावर माझा राग गेला का, असं प्रियंका विचारत होती. गेला. थोडा ठेवला आहे.

शेवटच्या भिंतीवर तुम्ही होता, लहानाचे मोठे. तिथे तुम्ही किती वेळ थांबलात हे तुम्हाला कळलं नसेल. ओट्यावरच्या म्हाताऱ्याखाली तुम्ही कार्ड लावलंत आणि पिशवी घेऊन निघालात. तुमचे दादा काठी टेकत तिथे गेले. कार्डावर तुम्ही नाव लिहिलं नव्हतं. फक्त 'भाऊ' लिहिलं होतं. मैत्रेयी म्हणाली, "आजोबा, नाव लिहायचं राहिलं वाटतं. पूर्ण करू का?" हे म्हणाले, "राहू दे. पूर्न आहे."

काल सकाळी चहा घेताना एकदम म्हणाले, "कान चुकले."

मी म्हटलं, "कोणाचे?"

"धम्माचे. केस जमले, कपाळ जमलं, गाल थोडे जास्त झाले पन चालतात. कान लहान राह्यले. म्हातारपनी कान वाढते मानसाचे. चाळिशीत मले हे कुठून माहीत असनार? पाठमोरा उभा होता तवा दिसले, बाच्याएवढे झाले आहे."

मी म्हटलं, "मग आता?"

"आता काय. हात तं चालत नाही. पन पाहाले तं पायजे नीट."

म्हणाले, लिही त्याला. काय लिहू विचारलं तर जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते: मे महिन्यात ये. बुद्धपौर्णिमेला ये, नाही तर केव्हाही ये, पण रिझर्वेशन करू नको. निंबाखाली दोन खुर्च्या टाकतो. त्या दिवशी आपण दोघंही भिंतीकडेच पाहत राहिलो.

मथुरा